पेन्शनपुऱ्यातली मौका-पाहणी

बुलढाण्याची हवा पेन्शनरांना फार मानवते. घाटाखाली मलकापूरला माणूस उन्हानं करपून निघतो, तेव्हा इथं संध्याकाळी अंगावर उपरणं घ्यावं लागतं. जन्मभर वऱ्हाडातल्या तालुक्या-तालुक्यांची धूळ खाल्लेले सरकारी लोक पंचावन्नाव्या वर्षी मोकळे झाले की इथं घर बांधतात, आणि वर्षभरात त्यांच्या गालांवर तुकतुकी येते. पद्मजा लग्न होऊन ज्या गल्लीत आली, तिथं अशी मंडळी इतकी होती की गावानं तिचं नावच पेन्शनपुरा ठेवलं होतं.

तिचे सासरे नीळकंठराव निवृत्त नायब तहसीलदार. पहाटे तळ्यापर्यंत फेरी, आल्यावर पेलाभर धारोष्ण दूध, दुपारच्या भातावर सढळ हातानं साजूक तूप, मग तास-दीड तास घोरणं. चार वाजता चहा, आणि दिवेलागणीला बैठकीत पत्त्यांचा डाव. बैठक म्हणजे घरातली पुढची मोठी खोली. तिला तीन खिडक्या, खाली गादी, मागं लोड. दिवसभर ती रिकामी वारा खात पडलेली असायची. संध्याकाळी तिथं दोन मित्र यायचे. एक उत्तमराव, निवृत्त फौजदार, आणि दुसरे अर्जुनराव, कचेरीतले जुने हेडक्लार्क. तिघंही डाव टाकता टाकता नव्या पिढीचा पंचनामा करत. आजकालच्या पोरांना काटकसर ठाऊक नाही, सुनांचा हात सैल, आमच्या वेळी एवढ्याशा पगारात बारा माणसं जेवत होती, वगैरे वगैरे. चहाची दुसरी फेरी मागवतानाच हे बोलणं विशेष रंगायचं.

आणि त्या चहातली साखर कुठून येते, हे तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या मोठ्या लढाईचं चौथं वर्ष चाललं होतं. ज्वारी महागली, तूर महागली, लुगड्याला हात लावायची सोय उरली नाही. साखर नि घासलेट तर रांगेत उभं राहून, नशीब असेल तर मिळायचं. पद्मजाचा नवरा शरच्चंद्र हायस्कुलात मास्तर होता. त्याचा पगार होता तिथंच होता, आणि वर महागाईसाठी म्हणून जे मिळे ते मिठालाही पुरत नसे. नीळकंठराव महिन्याच्या पहिल्या तारखेला पेन्शनीतली ठरावीक रक्कम घरखर्चाला काढून देत. ही रक्कम त्यांनी निवृत्तीच्या साली ठरवली होती. तेव्हा लढाईचं नावही नव्हतं. पण सरकारी ठराव मोडायचा नसतो तशी तीही मोडली नाही, आणि ती देताना ते दर महिन्याला न चुकता म्हणत, "एवढ्यात दोन घरं चालतील."

पद्मजाला या वाक्याचा संताप यायचा. खरं सांगायचं तर तिला सासऱ्यांच्या दुधाच्या पेल्याचा, पायांतल्या चढावांचा, घोरण्याचासुद्धा संताप यायचा. मोठ्या माणसाविषयी असं मनात आणू नये हे तिला कळत होतं, तरी यायचा. बैठकीला लागून असलेल्या एकुलत्या खोलीत सासरे निजायचे; ती, तिचा नवरा नि दोन मुली स्वयंपाकघरामागच्या पडवीत निजायची. शरच्चंद्र मुलांचे पेपर कणगीवर ठेवून तपासायचा. तो बाहेर पोरांना धाकात ठेवणारा मास्तर, पण वडिलांपुढं उभा राहिला की त्याच्या तोंडून "हो अण्णा" याखेरीज शब्द फुटत नसे.

जून उतरणीला लागला तेव्हा एक दिवस धाड गावाहून किसनराव आले. त्यांचा मुलगा शरच्चंद्राच्या हाताखाली हायस्कुलात शिकायला येणार होता. शरच्चंद्र त्यांना घेऊन परसात बाजेवर बसला, कारण बैठकीलगतच्या खोलीत नीळकंठराव झोपले होते. पद्मजा दाराआडून ऐकत होती.

"मास्तर, पोट्टं हुशार हाय," किसनराव म्हणाले, "पण ठेवू कुठी? खानावळवाला या महिन्यात एक भाव सांगते, पुढच्या महिन्यात दुसरा. रोकड मी कुठून आणू? पण माह्या घरी ज्वारीचं पेव भरून हाय. तूर हाय, तीळ हाय, दोन म्हशी हायेत. उंद्रीचा माहा साडू हाय, त्याचे दोन पोट्टे हायेत. आमच्या गावचे आणखी हायेत. तुमच्या घरी ठेवून घ्या. दाणे आम्ही घालतो, तुमचं घरही त्यातच जेवू द्या."

शरच्चंद्र मान हलवत राहिला, बघतो म्हणाला. पण पद्मजाच्या डोक्यात तेवढ्यात सगळा हिशेब लख्ख झाला होता. रुपया रोज आकसत होता. ज्वारीचं तसं नव्हतं. ज्वारीचं पोतं काल होतं तेवढंच आजही होतं, आणि उद्याही तेवढ्याच भाकरी देणार होतं. पोरांच्या जेवणासोबत आपल्या मुलींचं पोट भरेल, दूध येईल, तूप येईल. रांधायला ती भीत नव्हती. फक्त पोरांना निजायला नि अभ्यासाला जागा हवी होती, आणि घरात तेवढी जागा एकच होती, बैठक.

किसनरावांनी रविवारपर्यंतची मुदत दिली. सोमवारी शाळा उघडणार होती. तोवर जमलं नाही तर ते सगळ्या पोरांना चिखलीला नेऊन घालणार होते.

शरच्चंद्रानं त्या रात्री जेवताना विषय काढला. काढला म्हणजे घशाशी आलेला घास गिळून कसाबसा पुटपुटला. नीळकंठरावांनी तुपाचा भात कालवता कालवताच नकार दिला. गावखेड्याची पोरं बैठकीत लोळणार, भिंतींना तेलाची डोकी टेकणार, आणि आपण पत्ते काय उकिरड्यावर खेळायचे? मग त्यांचा आवाज जरा खाली आला. त्यांनी तीस वर्षं घोड्यावर आणि छकड्यात काढली होती, त्यांची बायको एका बदलीच्या गावी डॉक्टरवाचून गेली होती, आणि ही गादी त्यांनी फुकट मिळवली नव्हती. आता कुठं पाठ टेकली तर ती ओढून घेता काय, असं त्यांनी मुलाला विचारलं. शरच्चंद्र "नाही अण्णा" म्हणाला आणि विषय संपला.

पद्मजा वाढत होती. म्हातारा खोटं बोलत नाही, हे तिला पटलं. गादी त्यांनी कमावली होती. पण मग पडवी आम्ही कोणत्या कर्माची कमावली, हा प्रश्न मात्र तिच्या मनातून काही केल्या जाईना.

शनिवारी संध्याकाळी डाव बसला. नीळकंठरावांना एक गोष्ट सांगायची फार हौस होती, आणि मित्रांना ती पाठ झाली होती तरी ते ऐकत. दोन भावांचा बांधाचा तंटा होता. तलाठ्यानं एक सांगितलं, पाटलानं दुसरं. कुणीही कागदावर निकाल दिला असता. पण नीळकंठराव गुडघाभर चिखलातून स्वतः शेतात गेले, बांध डोळ्यांनी पाहिला आणि मग निकाल दिला. "उभ्या नोकरीत मौका पाहिल्याशिवाय एक फैसला दिला नाही," असं म्हणून ते मांडीवर थाप मारायचे. "बाकीचे उंटावरून शेळ्या हाकत होते."

त्या दिवशी थाप पडली आणि पद्मजा चहाचं तबक घेऊन आत आली. एरवी ती तबक उंबऱ्यावर ठेवून परत जायची. आज ती आली ती तिथंच उभी राहिली. कप वाजत होते, म्हणून तिनं तबक आधी खाली ठेवलं.

"मामंजी, एक फैसला तुम्ही मौका न पाहता दिला," ती म्हणाली.

उत्तमरावांच्या हातातलं पान हातातच राहिलं. नीळकंठरावांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कोणता?"

"या बैठकीचा. मागचं घर तुम्ही पाह्यलं नाही, स्वयंपाकघर पाह्यलं नाही, बाजार पाह्यला नाही. अन् निकाल देऊन मोकळे झाले. मले नाही म्हणा, माझी हरकत नाही. पण पाहून म्हणा."

घरात सुनेनं असं बोलणं म्हणजे आभाळ फाटण्यातलाच प्रकार. दोघा मित्रांसमोर नीळकंठराव तिला बाहेर घालवू शकले असते, पण मग मांडीवर थाप कोणत्या तोंडानं मारायची? त्यातून अर्जुनरावांना मजा वाटली. कायद्यानं मुद्दा बरोबर आहे, असं ते हसत हसत बोलून गेले. उत्तमराव म्हणाले, पंचनाम्याला दोन पंच लागतात, ते इथं बसलेलेच आहेत. सुनेची फजिती फुकटात पाहायला मिळणार म्हणून दोघंही खुशीत होते. नीळकंठरावांनी उद्या सकाळी आठची वेळ दिली. उद्या रविवार होता, म्हणजे किसनरावांच्या मुदतीचा शेवटचा दिवस.

पद्मजाला रात्रभर डोळा लागला नाही. शरच्चंद्र मात्र कुशीवर वळून एवढंच म्हणाला की तू हे काय करून बसलीस.

सकाळी नीळकंठराव खरोखरच लांब कोट, डोक्याला रुमाल आणि हातात काठी घेऊन तयार झाले. पेटीतून निघालेल्या कोटाला कापराचा वास येत होता. आरंभ बैठकीपासून झाला. काठीनं जमीन मोजून त्यांनी पंचांना ऐकू जाईल असं सांगितलं, की जागा दिवसभर रिकामी, संध्याकाळी वापर तीन इसमांचा. अर्जुनराव मिशीत हसले. मग मंडळी आत वळली. नीळकंठरावांचं पान त्यांच्या खोलीतच मांडलं जाई; या घराच्या स्वयंपाकघरात त्यांनी वास्तुशांतीनंतर पाऊल टाकलं नव्हतं.

आणि इथं एक गंमत झाली. मामला घरचा होता, पण प्रश्न विचारायची सवय कचेरीची होती. अंगात कोट चढला की माणूस सासरा उरत नाही. ते समोर दिसेल त्यावर बोट ठेवून विचारत गेले, आणि पद्मजा विचारलं तेवढ्याचंच उत्तर देत गेली.

"ही बरणी कशाची?"

"तुपाची."

"म्हणजे तूप आहे घरात."

"तुमच्या भाताचं आहे. बाकीच्यांना सणाला."

"दूध?"

"सकाळी तुमचा पेला अन् दुपारचा चहा, एवढंच येते."

"अन् पोरी काय पितात?"

पद्मजानं आजवर हे कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. "दुधाचं भांडं विसळते, त्या पाण्यात गूळ टाकून देते," ती म्हणाली. "लहानीले ते दूधच वाटते."

पंचांपैकी कुणी हसलं नाही. शरच्चंद्र दारात उभा होता, त्यानं मान खाली घातली. नीळकंठराव तिथून पडवीत गेले. वाकल्याशिवाय आत जाता येत नव्हतं, त्यांचा रुमाल आढ्याला लागून तिरपा झाला. एक बाज, एक गुंडाळलेली वळकटी, दोरीवर कपडे, कणगीवर जुन्या पेपरांचा गठ्ठा. इथं कोण निजतं ते त्यांनी विचारलं, आणि उत्तर ऐकून पुन्हा एकदा काठीनं जमीन मोजली, जणू पहिल्या खेपेला काठी चुकली असावी.

पण म्हातारा सहजी हरणारा नव्हता. बाहेर येऊन रुमाल नीट करत त्यांनी आपला ठेवणीतला मुद्दा काढला. ही परिस्थिती आहे खरी, पण ती सैल हातानं ओढवलेली आहे. ते देतात त्या पैशांत दोन घरं चालतील. पद्मजा म्हणाली, मग बाजारही पाहा. पिशव्या तिनं आधीच काढून ठेवल्या होत्या.

रविवारच्या बाजारात नीळकंठराव पुढं, पंच मागं आणि त्यांच्या मागं सून, अशी वरात निघाली. महिन्याला घरखर्चाला देत तेवढी रक्कम त्यांच्या कोटाच्या खिशात होती. मोतीराम दाणेवाला त्यांच्या जुन्या ओळखीचा. नायब तहसीलदार बाजारात आले म्हणजे याच मोतीरामाची एके काळी गाळण उडत असे. त्यानं उठून नमस्कार केला, आणि ज्वारीचा भाव सांगितला.

"शुद्धीवर आहेस काय बे?" नीळकंठराव गरजले. "आत टाकीन."

मोतीराम रागावला नाही, त्याला वाईटच वाटलं. "टाका साहेब," तो हात जोडून म्हणाला. "पण पुढच्या दुकानात याच्याहून जास्त सांगतीन. तुम्ही लय वर्सांनी आले."

ते पुढच्या दुकानात गेले. तिथं जास्तच सांगितलं. त्याच्या पुढच्या दुकानात तर दाणे नव्हतेच. उन्हं वर आली, कोट घामानं पाठीला चिकटला, आणि साहेब परत मोतीरामाकडं आले. ज्वारी घेतली, तूर घेतली, तेल घेतलं. गूळ घ्यायच्या आधी खिसा रिकामा झाला. अजून साखर राहिली होती, चहा राहिला होता, घासलेट राहिलं होतं, मुलींचं दूध तर यादीतच नव्हतं. दोन पिशव्यांतली एक घडीची घडीच होती. ती नीळकंठरावांनी पद्मजाच्या हातून घेतली, उघडून आत पाहिलं, आणि परत तिच्या हातात दिली.

घासलेटच्या दुकानापुढं रांग लागली होती. अर्जुनराव सावलीला थांबले, तेवढ्यात उत्तमरावांचं पाऊल अडखळलं. रांगेत डोक्यावर पदर ओढून, हातात बाटली घेऊन त्यांची सून स्नेहलता उभी होती. कधीपासून उभी आहे विचारलं तर म्हणाली, उजाडायच्या आधीपासून. काऊन, कशासाठी, या प्रश्नावर तिनं पदर आणखी पुढं ओढला.

"तुम्ही निजताना वाचता नं मामंजी," ती म्हणाली. "कंदील लागते तुमाले."

असल्या रांगा मोडायला उत्तमरावांनी आपल्या काळात किती वेळा छडी उगारली असेल, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. त्यांनी सुनेच्या हातून बाटली घेतली आणि तिच्या जागी उभे राहिले. मागच्या बाया एकमेकींकडं पाहू लागल्या, फौजदारसाहेब रांगेत उभे राहिलेले कुणी पाहिले नव्हते.

दुपारी नीळकंठराव झोपले नाहीत. पद्मजा चहा घेऊन गेली तर त्यांनी तो परत पाठवला. बैठकीत ते एकटेच बसून होते, आणि तिला एक क्षण भीती वाटली, की म्हातारा चिडून हट्टाला पेटला असेल. किसनराव संध्याकाळी येणार होते. ज्याच्या हाती ससा तो पारधी. बैठक त्यांची होती, आणि नाही म्हटलं असतं तर तिच्या हातात काहीच उरलं नसतं. ती चुलीपुढं बसली आणि तिनं देवाला हात जोडले, आणि मग स्वतःचाच राग येऊन हात सोडले. आपण काय भीक मागतोय?

पाच वाजता सगळ्यांना बैठकीत बोलावणं आलं. दोन्ही पंच हजर होते. नीळकंठराव उभं राहून बोलले. निकाल ते नेहमी उभ्यानंच देत.

"मौका पाहिला. वादी पद्मजाबाई यांचं म्हणणं खरं आढळलं. बैठकीचा कब्जेदार नीळकंठ, याचंही म्हणणं ऐकलं. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, पण निवृत्तीच्या साली. आज नाही. बैठक वादीच्या ताब्यात द्यावी. कब्जेदारानं आजच जागा सोडावी. वादी नि तिच्या कुटुंबानं माझ्या निजायच्या खोलीत राहावं. मी पडवीत जाईन."

"अण्णा, पडवीत नको," शरच्चंद्र एकदम म्हणाला. जन्मात पहिल्यांदा तो वडिलांच्या बोलण्याच्या मध्ये बोलला होता.

"मास्तर, गप राहा. निकाल चालू आहे." मग त्यांनी काठी खाली ठेवली, आणि आवाज कचेरीचा राहिला नाही. "सूनबाई, मी तुले दर महिन्याला उधळी म्हणत आलो. चार माणसांत म्हणत आलो. ते खोटं होतं. हे या दोघांच्या समोर सांगून राह्यलो, कारण ते खोटंही मी यांच्यासमोरच बोललो होतो."

अर्जुनरावांनी हळूच विचारलं, अपील कुठं करायचं?

"अपील नाही."

पद्मजाला वाटलं होतं जिंकल्यावर ती नम्र होईल, सासऱ्यांच्या पाया पडेल. तसं काही झालं नाही. तिला मनापासून आनंद झाला, उघडा-नागडा, आणि तो तिनं लपवला नाही. तिनं पदर खोचला आणि पहिल्यांदा लोड उचलले. गादी गुंडाळायला शरच्चंद्र वाकला. मग उत्तमराव उठले, मग अर्जुनराव, आणि ज्यांनी आयुष्यात स्वतःचं अंथरूण उचललं नव्हतं त्या पेन्शनरांनी गादीची दोन टोकं धरून ती पडवीकडं नेली. दारात ती अडकली. उत्तमरावांनी शिव्या घातल्या, फौजदारी थाटात.

सूर्य कलला तेव्हा दोन बैलगाड्या पेन्शनपुऱ्यात शिरल्या. एक धाडची आणि एक उंद्रीची. पोत्यांवर पोरं बसली होती, डोक्यांना भरपूर तेल, प्रत्येकाच्या मांडीवर पाटी नि वळकटी. गल्लीतली दारं उघडली, खिडक्यांत तोंडं आली. शेजारच्या ओट्यावर स्नेहलता येऊन उभी राहिली, आणि तिनं पदर डोक्यावर घेतला नाही. तिच्या सासऱ्यांना तिनं दुपारीच विचारलं होतं की आमच्या घरचा मौका कधी पाहता. पुढच्या रविवारची तारीख पडली होती.

किसनराव गाडीतून उतरले. ओट्यावर लांब कोटात नीळकंठराव उभे होते, म्हणून सरळ त्यांच्याकडं गेले, वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "साहेब, ज्वारी कुठी उतरवू?"

"मले काऊन विचारता?" नीळकंठरावांनी मागं वळून पद्मजाकडं पाहिलं. "घर त्या चालवतात. मी पेन्शनर माणूस."

गाडीवान पोतं पाठीवर घेऊन थांबला होता. किसनराव, शरच्चंद्र, पोरं, सगळी गल्ली तिच्या तोंडाकडं पाहत होती. पद्मजा पुढं आली.

"तूर खोलीत, ज्वारी कणगीत," ती म्हणाली, शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "अन् दुधाची घागर माझ्या हातात द्या. पोरी थांबल्या आहेत."